जुन्या बाजूचं दार

शुक्रवार

आज साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुमचं तयार आहे ना सगळं?" जणू मी आजवर कधी अर्धवट तयारीने आले आहे! "तयार आहे," म्हटलं. उद्या आमच्या मेनफ्रेमची हलवाहलव. यंत्र उचलून न्यायचं नाही. नवं यंत्र नव्या इमारतीत केव्हाच येऊन बसलंय. जुन्याच्या पोटातले सर्व्हर तेवढे तिकडे न्यायचे आहेत.

"पोटातले म्हणजे?" ठकीने विचारलं. ठकी म्हणजे माझी लेक. पहिलीत आहे, खरं नाव फक्त शाळेपुरतं. तिला सांगितलं, की ते एकच भलंमोठं यंत्र आहे, पण त्याच्या आत शेकडो संगणक असल्याचं सोंग चालतं. प्रत्येक सोंगाला वाटतं, आपण खरे, हे यंत्र आपलं एकट्याचं. त्यांना व्हर्च्युअल सर्व्हर म्हणतात. त्यांनी जपायच्या सगळ्या नोंदी मात्र निराळ्या खोलीत, डिस्कवर असतात. कोणी कुठल्या डिस्कपाशी जायचं ते मी ठरवते. प्रत्येक सर्व्हरला ओळखक्रमांक असतो. तो माझ्या यादीत असेल तर दार उघडतं, नाहीतर नाही.

"म्हणजे तू वॉचमन," ठकी म्हणाली. नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. लागू दे.

हलवायची रीत तशी साधी. सर्व्हर बंद करायचा नाही, चालता चालताच तिकडे न्यायचा. त्यासाठी नव्या बाजूचं दार आधीच उघडून ठेवावं लागतं. क्षणभर तो दोन्हीकडे असतो. मग तिकडचा चालू लागतो, इकडचा थांबतो, आणि मी जुन्या बाजूचं दार बंद करते. त्याच दिवशी, न चुकता. ते उघडं राहिलं आणि इकडचा पुन्हा जागा झाला, तर दोघेही एकाच डिस्कवर लिहीत सुटतात. दोघेही खरेच, त्यामुळे दार कोणालाच अडवत नाही. डिस्कची मात्र वाट लागते. हे मी नव्या पोरांना इतक्यांदा सांगितलंय की ती मागे माझी नक्कल करतात.

शनिवार

सगळं सुरळीत पार पडलं. शेवटी राहिले आजोबा. आजोबा म्हणजे आमचा सगळ्यांत जुना सर्व्हर. शहरातल्या दवाखान्यांत कोणाला कधी वेळ द्यायची ते तोच बघतो. तोही न कुरकुरता तिकडे गेला. त्याच्या जुन्या बाजूचं दार मी लगेच बंद केलं नाही. म्हातारं माणूस, तिकडे मानवलं नाही तर परत यायला वाट असावी, म्हणून हात आवरला. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता.

नव्या इमारतीकडे जायला खाली गाडी आली होती. एक पाय आत टाकला आणि मनात आलं, इकडचे आजोबा नक्की थांबलेत का, हे पाहिलंच नाही. मागून सगळे ओरडत होते, "बसा हो लवकर!" एकदम गरगरल्यासारखं झालं. मी आत बसल्याचं मला स्पष्ट आठवतं. सीट उन्हाने तापली होती, ती पायाला चटका लावून गेली. पण मी तर उतरले. गाडी माझ्यासाठी थांबलीसुद्धा नाही.

वर जाऊन साहेबांना फोन केला. गाडीत खूप गलका होता. म्हणाले, "हो हो, जुन्या इमारतीत महिनाअखेरीपर्यंत रात्री कोणीतरी लागणारच आहे. आहात तिथेच राहा." आवाज नीट पोहोचला असेल का, कोण जाणे.

मंगळवार

रात्रपाळी मानवत नाहीये. मी सकाळी घरी पोहोचते तेव्हा नवरा कामावर गेलेला असतो आणि ठकी शाळेत. मी झोपते. दुपारी शेजारच्या काकू ठकीला शाळेतून आणून सोडतात. मग संध्याकाळपर्यंत ती माझी. निघताना तिला पुन्हा काकूंकडे ठेवते, नवरा आला की नेत असणार. रविवारी घरी गेलेच नाही, इकडेच झोपले. नवऱ्याची आणि माझी तीन दिवसांत गाठ नाही. साधा फोनही नाही त्याचा. मीही करणार नाही.

करणार तरी कशावरून? माझा मोबाईल शनिवारपासून मुका आहे. दुकानदार म्हणाला, "ताई, नंबर चालू आहे तुमचा. दुसऱ्या फोनात चालतोय." दुसरा फोन माझ्याकडे कुठून येणार? बिनडोक माणूस.

गुरुवार

घर चक्क आवरलेलं असतं. माझा कप धुऊन उपडा, कान भिंतीकडे करून, मी ठेवते तसा. टॉवेलाची घडी मी करते तशी. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याला अक्कल आली म्हणायची. फक्त पलंगावरची माझी बाजू रोज चुरगळलेली असते. हात-पाय पसरून झोपत असेल, मोकळं रान मिळालंय.

काकू म्हणाल्या, "दमत नाहीस का गं? आत्ता जातेस काय, लगेच परत येतेस काय." काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय.

ठकीला गोष्ट सांगितली. राक्षस शेवटी सगळ्यांचा मित्र होतो, असा शेवट केला. ती रुसली. "काल तर तू त्याला मारून टाकलंस." काल मी गोष्ट सांगितलीच नव्हती. मी म्हटलं, बाबांनी सांगितली असेल. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "बरं." सहा वर्षांच्या मुलीने असं बरं म्हणू नये.

शनिवार

कामावर येऊन टेकते न टेकते तोच फोन. एका दवाखान्यातल्या बाई, जुन्या नंबरावर. "अहो, माणसं दारात उभी असतात आणि आम्हाला स्क्रीनवर दिसतं की ती मघाशीच येऊन गेली. एक आजी तर रडायलाच लागल्या, मी आलेच नाही म्हणून."

आजोबांना जाऊन पाहिलं. इकडचे जागे आहेत. झोपले कधी होते, कोणास ठाऊक. शांतपणे वेळा देत बसलेत, आणि तिकडचेही देतायत, त्याच डिस्कवर.

दार बंद करायला हात गेला आणि तिथेच थांबला. इकडून वेळ मिळालेली माणसंही खरीच आहेत, त्यांचं काय? रीत सरळ आहे. शेवटचं ज्याने लिहिलं त्याचं खरं धरायचं आणि दुसऱ्याला थांबवायचं. मीच शिकवते. पण आज मला इकडच्या आजोबांची दया आली. त्याला बिचाऱ्याला माहीतच नाही की आपण मागे राहिलोय.

नव्या इमारतीत साहेबांना फोन लावला, आजोबांचं सांगितलं. ते म्हणाले, "अहो, हेच सांगून तर तुम्ही आत्ता माझ्या केबिनमधून बाहेर पडलात. जुन्या बाजूचं मी बघते म्हणालात."

"साहेब, मी जुन्या इमारतीतून बोलतेय."

ते खो खो हसले. "तुम्ही गंमत करता हे आजच कळलं."

मला गंमत करता येत नाही, हे सगळ्या खात्याला ठाऊक आहे. फोन ठेवला तेव्हा माझा हात गार पडला होता. खोली थंडच असते म्हणा.

सोमवार

झोप टाकून दुपारीच नव्या इमारतीत गेले. म्हटलं, समोरासमोर काय ते होऊ दे. गेटवर कार्ड लावलं, लाल दिवा. पुन्हा लावलं, पुन्हा लाल.

गेटवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, तुम्ही आत आहात."

"मी तुमच्या समोर उभी आहे."

"मशीन म्हणतंय आत आहात. सकाळी आलात की, मीच नमस्कार केला." तो हसत होता. मग त्याने काचेतून आत, लांब, कोणाकडे तरी पाहिलं. मग माझ्याकडे. त्याचं हसू पार मावळलं. "तुम्ही... जरा बाजूला थांबता का?" माझ्याशी बोलतानाही तो एक पाऊल मागे सरकला होता.

मी थांबले नाही, चक्क पळाले. आत कोण आहे ते पाहायला गेले होते आणि न पाहताच पळाले. त्या माणसाचं काहीच चुकलं नाही. ओळख आत गेलेली असेल तर तीच ओळख घेऊन आलेल्या दुसऱ्याला आत घ्यायचं नाही. मीही घेतलं नसतं.

मला भीती वाटते. इथे लिहायला काय हरकत आहे, वाचणार कोण?

बुधवार

ठकी प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायला लागली आहे. "मला पाणी दे. मला पाणी दे." आधी वाटलं चिडवतेय, म्हणून ओरडले. तिचे डोळे भरून आले. ती चिडवत नव्हती.

मग हळूहळू बाहेर आलं. दुपारी मी म्हणते, पोहायला नको जाऊ, खोकला आहे. संध्याकाळी मीच म्हणते, का गेली नाहीस? दुपारी चित्र छान म्हणते, संध्याकाळी तेच चित्र पहिल्यांदा पाहिल्यासारखं करते. म्हणून ती आता सगळं दोनदा सांगते, म्हणजे दोन्हीकडे पोहोचेल.

केस विंचरताना तिने आरशातूनच विचारलं, "तू दुपारची आई ना? दुपारची आई ना?"

मी म्हटलं, "आई एकच असते, वेडे."

"हो," ती म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. विंचरून झालं तरी मी कंगवा खाली ठेवला नाही, नुसतीच केसांतून हात फिरवत बसले.

शनिवार

काल ठकीला ताप होता. निघायच्या आधी औषध पाजलं, तिला काकूंकडे नेलं आणि कामाला आले. आज सकाळी जिन्यातच काकू भेटल्या. मला बघून भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

"तू इथे कशी? तू दवाखान्यात आहेस ना ठकीपाशी?"

काल संध्याकाळी घरी आल्या आल्या मी तिला पुन्हा औषध पाजलं, म्हणे. ती सांगत होती, दोनदा सांगत होती, की पाजलंय. पण ती हल्ली सगळंच दोनदा सांगते, म्हणून मी लक्ष दिलं नाही. थोड्या वेळाने तिला उलट्या सुरू झाल्या, मान टाकली. नवऱ्याने उचलून नेलं. "स्वतःच पाजलं आणि स्वतःच विसरली," असं तो काकूंना म्हणाला. काकूंनी हे सगळं मलाच, माझ्याबद्दलच सांगितलं, माझा हात धरून.

दवाखान्यात खिडकीवरच्या मुलीने विचारलं, "पेशंटच्या कोण?" म्हटलं, आई. तिने स्क्रीन पाहिली. "आई तर आत आहे. एकीलाच सोडतो."

दाराला काच होती. ठकी झोपली होती, नाकातोंडाला नळ्या वगैरे काही नव्हतं, एवढं पाहून घेतलं. शेजारी खुर्चीवर एक बाई पाठमोरी बसली होती. डावा खांदा उतरलेला. आई मला त्यावरून नेहमी बोलायची, पिशव्या एकाच हाताने उचलतेस म्हणून. ती बाई ठकीच्या कपाळावरचे केस मागे सारत होती, एकाच बाजूला, हळू. मलाही तसंच सारायचे होते. तिने मान वळवायच्या आत मी निघून आले.

ठकी धोक्याबाहेर आहे, एवढं खिडकीवरच्या मुलीने सांगितलं.

रविवार

दुपारीच जुन्या इमारतीत आले. टेबलावरच्या फोनवरून माझाच मोबाईल नंबर फिरवला.

"बोल," तिकडून आवाज आला. हॅलो नाही, कोण नाही. रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज लागतो तसा, जरा पातळ.

"ठकी?" मी विचारलं.

"घरी आणलं. ताप उतरला. थोडं खाल्लंन."

"मी निघताना पाजलं होतं औषध."

"कळलं मला ते. नंतर."

तिच्यामागे आमचा फ्रिज घरघरत होता.

"तू गाडीतून उतरलीस," ती म्हणाली.

"तू बसलीस," मी म्हटलं, आणि मग मला राग आवरेना. "घर माझं आहे. मुलगी माझी आहे. कळा मी सोसल्यात, पूर्ण दोन दिवस!"

"मी सोसल्यात. आणि दोन दिवस नव्हते, एकच होता. तू सगळ्यांना वाढवून सांगतेस."

मला हसूच फुटलं. तिलाही. एकदमच हसलो आणि एकदमच थांबलो. मग रडलो. कोण आधी रडलं ते सांगता येणार नाही.

"तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"गेटवरच्या माणसाने. तेव्हा मानलं नाही, औषधानंतर मानलं. तुला पाहिल्यापासून तो मला नमस्कार करत नाही." मग म्हणाली, "दुपारी तू, संध्याकाळी मी, रोज एकमेकींना फोन करून... असं नाही का चालवता येणार?"

"आजोबांचं काय झालं ते पाहिलंस ना? एका डिस्कवर दोघांनी लिहायचं नसतं. मी सांगायला हवं का तुला?"

"नको."

"मग सांग रीत."

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "तू मला हे बोलायला लावू नकोस."

"शेवटचं ज्याने लिहिलं तो राहतो," मी म्हटलं. "शुक्रवारपासून तिच्या उशाशी कोण आहे?"

ती काहीच बोलली नाही. बोलली असती तर मी भांडले असते. ती माझ्या जागी असती आणि मी तिच्या, तर मीही अशीच गप्प राहिले असते. भांडायला जागाच उरली नाही.

"तिकडची वीज मंगळवारी संध्याकाळी तोडणार आहेत," ती शेवटी म्हणाली. "मग तुझं काय?"

"मला काय माहीत? मी कधी कोणाला विचारलंय का जुन्या बाजूला काय होतं ते? मंगळवारची दुपार मला दे."

"दिली. नेहमीच्या वेळी येईन. आणि..."

"हो, तिचं पोहणं चालू ठेव. खोकला गेलाय."

मंगळवार

सकाळी आजोबांचं उरकलं. इकडून वेळ दिलेली सगळी माणसं आधी तिकडे उतरवून दिली. फोनवर ती एकेक तपासून "आली" म्हणत होती. रडलेल्या आजींना दोघींनी मिळून सकाळचीच वेळ दिली. मग इकडच्या आजोबांना थांबवलं आणि जुन्या बाजूचं दार बंद केलं. इतकं नीट काम मी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं. थांबताना आजोबांनी कसली तक्रार केली नाही. निघताना खालच्या वॉचमनला हाक मारली. त्याने वर पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा पेपर वाचायला लागला.

हे घरी लिहितेय, ठकीच्या खोलीत, जमिनीवर बसून. ती जरा सुकली आहे, पण चांगली आहे. दुपारभर आम्ही विशेष काही केलं नाही. तिने चित्र काढलं, मी बघितलं. मला वाटलं होतं खूप काय काय सांगावंसं वाटेल. तसं काही आठवेचना. तिला पोटाशी धरून बसावंसं वाटत होतं, तर तिला गरम होत होतं.

मघाशी ती बूट घेऊन आली. तिला खाली खेळायला जायचंय. पाय माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "नाड्या बांध. नाड्या बांध."

मी रोज बांधून देते. दुपारचे दोन-चार तास तर मिळतात, त्यात कशाला तिला रडवायचं?

"संध्याकाळची आई बांधून देते का?" मी विचारलं.

ठकीने मान वर करून माझ्याकडे बघितलं. असं कोणी तिला आजवर विचारलं नव्हतं. मग अगदी हळू म्हणाली, "नाही. ती म्हणते, तूच बांध."

"मग तूच बांध."

"पण तू दुपारची आहेस!"

"दुपारचीही आता तेच म्हणते. ती सांगेल तेच खरं, ठकी. तिला एकदाच सांगितलंस तरी चालेल. तिला ऐकू जाईल."

ती माझ्यावर चिडली. चांगलीच चिडली, बूट आपटला. मग लांब जाऊन, पाठ करून बसली आणि नाड्यांशी झटापट करायला लागली. मी हात मांडीखाली दाबून ठेवलेत, मध्येच सोडवून दोन ओळी लिहिते आणि पुन्हा दाबते. पहिली गाठ सुटली. दुसरीही सुटली. तिचे कान लाल झालेत.

लिफ्ट वर येतेय. आमच्याच मजल्यावर थांबली.

दाराला किल्ली लागली तेव्हा ठकीने शेवटचा फास ओढला, उठून पाय आपटून पाहिला आणि ओरडली, "आई, मी बांधल्या!" एकदाच ओरडली. आणि दाराकडे धावली.